दर्शनाचा टोनर

मंगळवारी सकाळी पावणेदहाला मर्सी डिमेलोने दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि पर्समधला फोन वाजायला लागला.

"काय विकलंस तू माझ्या बहिणीला?"

आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला. मानपाड्याच्या मढव्यांचा देवेश. एरवी 'मर्सी आंटी' म्हणून हाक मारणारा.

"देवेश? अरे, काय झालं?"

"काल तुझं ते कोरियन पाणी लावलं दर्शनाने तोंडाला. तोंड जळलंय तिचं. उजवा डोळा उघडत नाही. ठाण्याला ॲडमिट केलंय. पंधरा दिवसांवर लग्न आलंय, कळतंय का तुला? थांब तिथेच. आलो मी."

फोन बंद झाला. मर्सी अर्ध्या शटरखाली तशीच वाकून उभी राहिली.

वीस वर्षं तिने ठाण्यात औषधांच्या दुकानात काढली होती, फार्मसीचा डिप्लोमा केलेली बाई. तीन वर्षांपूर्वी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या एका गल्लीत, तिने हे स्वतःचं दुकान टाकलं. तांदळाच्या पाण्याचा टोनर, लालसर त्वचेसाठी वनस्पतीचा टोनर, कोरड्या चेहऱ्यासाठी ओलावा धरून ठेवणारा टोनर. कोरियातून येणाऱ्या बाटल्या मुंबईत बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण मर्सीकडून घेताना प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. त्वचा तेलकट की कोरडी? कुठलं मलम चालू आहे का? आधी कानामागे लावून एक दिवस थांबणार का? उत्तर पटलं नाही तर ती गिऱ्हाईक परत पाठवायची. आम्लाचा टोनर तर लग्नघरातल्या मुलीला ती हातही लावू देत नसे. काउंटरवर आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी कायम उघडी असायची.

तीन वर्षांत साधी खाज आल्याची तक्रार नव्हती.

वीस मिनिटांनी देवेश आला. त्याने काही विचारलं नाही. समोरची काचेची मांडणी दोन्ही हातांनी ओढून खाली पाडली, मग दुसरी. बाहेर माणसं जमली, मोबाईल वर झाले. मर्सी भिंतीला पाठ लावून उभी होती. 

शेजारच्या पार्लरमधून नीरजा धावत आली. तिने देवेशचा दंड धरला, त्याला ढकलत बाहेर नेलं. "अरे, पोलिसांत जा ना! बाईमाणसावर कसली मर्दुमकी दाखवतोस?"

देवेश रडायलाच लागला. "डॉक्टर म्हणतात बुबुळ भाजलंय. बहीण आंधळी झाली तर काय करू मी?"

साडेअकराला पोलीस आले, उरलेला माल सील केला आणि मर्सीला दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनला बोलावून गेले. तोवर तिचा फोटो तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला होता. खाली लिहिलं होतं: हिच्याकडून काही घेऊ नका, नवरीचं तोंड जाळलं.

दुपारी नीरजाने तिला पार्लरमध्ये नेऊन बसवलं, पुढ्यात चहा ठेवला. पार्लर सोमवारी बंद असे आणि मंगळवारी गर्दी. आज मात्र नीरजाने बायकांना परत पाठवलं होतं. कालची सुट्टी कळव्याला बहिणीकडे गेली, असं ती चहा ओतताना म्हणाली होती.

"मर्सी, ऐक माझं. त्या लोकांशी भांडू नकोस. गावकी त्यांची, माणसं त्यांची. जाऊन माफी माग."

"पण मी केलं काय?"

"तू काहीच केलं नाहीस गं. सांग की माल वरूनच तसा आला. नाहीतर म्हण, फ्रिजमध्ये ठेवून ठेवून बिघडला असेल. त्यात तू काय करणार? कंपनी बघून घेईल. तू फक्त मान्य कर आणि मोकळी हो. मी येते तुझ्याबरोबर."

मर्सीने मान हलवली.  समोर दिसत होती ती तीन आठवड्यांपूर्वीची दर्शना. शाळेत विज्ञान शिकवणारी, सत्तावीस वर्षांची, सावळी, हसली की गालाला खळी पडणारी. काउंटरवर कोपरं टेकून तिने हळूच विचारलं होतं, "मर्सीताई, याने रंग उजळतो का हो?"

"नाही. टोनर म्हणजे तहानलेल्या कातडीला पाणी. रंग बदलत नाही त्याने आणि बदलायचाय कशाला तुला?"

दर्शना ओशाळली होती. "असंच विचारलं. हितेशची मावशी साखरपुड्यात काहीतरी बोललेली."

मग मर्सीने तिला तांदळाचा टोनर दिला, दोनशे मिलीची बाटली. तोंड धुऊन टिपायचं नाही. ओल्या तोंडावर, तळहातावर नाण्याएवढा घेऊन थोपटायचा. कापूस नको. हवं तर दोनदा, तीनदा. दर्शनाने एकूण एक गोष्ट मनापासून केली. गेल्या शनिवारी तिचा फोटोसह मेसेज आला होता: 'ताई, बघा, अर्धी संपली! चेहरा मस्त मऊ झालाय. एक अजून बाजूला ठेवा.'

तो मेसेज मर्सीने चहा पिताना चार वेळा वाचला. शनिवारी मस्त आणि सोमवारी जळालं?

* * *

बुधवारी सकाळी उपनिरीक्षक उत्तम केणे यांनी तिला समोर बसवलं. पन्नाशीचा, संथ बोलणारा माणूस.

"बाटली तुमच्याकडचीच?"

टेबलावर पारदर्शक पिशवीत बाटली होती. मर्सीने कागदी सीलवरचा आपल्या दुकानाचा शिक्का ओळखला. आत दुधट पाणी खांद्यापर्यंत होतं.

"हो. माझ्याकडची."

"आम्ही तुमच्याच पट्टीने तपासलं, पंचांसमोर. बघा."

पट्टी लालभडक झाली होती.  तांदळाच्या टोनरने पट्टी पिवळट राहते. इतकी लाल ती फक्त तीव्र आम्लाने होते.

"साहेब, सीलबंद बाटलीत हे असूच शकत नाही. असतं तर पहिल्याच दिवशी जळली असती ती. तीन आठवडे वापरलाय तिने."

"तेच मी म्हणतो. मग मधे कुणी घातलं?"

"मला कसं माहीत असणार?"

"घरात कोण कोण? आई तुळसाबाई, भाऊ देवेश. देवेश एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला. ॲसिड त्याच्या हाताशी. पण बहिणीवर जीव टाकतो. होणारा नवरा हितेश, कल्याणचा. रविवारी जेवायला आलेला. त्याला लग्न मोडायचंय का, तेही विचारून झालं. रडतोय नुसता." केण्यांनी कागद उलटला. "आणि दुकानदार. तुम्ही."

"मी कशाला करीन?"

"मुद्दाम नाही, पण निष्काळजीपणाने? बाटली फोडून दुसऱ्यात ओतलं, भेसळ केली? बाई, मला वरून फोन येतायत. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिना. उद्या बाराच्या आत दुसरं काही हाताला लागलं नाही तर तुम्हाला ताब्यात घ्यावं लागेल."

मर्सी पुढे सरकली. "तिचा जबाब काय आहे?"

केणे वाचायला लागले. "सोमवारी दुपारी चारच्या सुमारास घरी एकटी होते. बेसिनसमोर उभी राहून टोनर हातावर घेतला, तोंडाला लावला. आग झाली. बाटली तिथेच टाकली, तोंड धुतलं, पलंगावर जाऊन पडले. बस, एवढंच."

"आणि बाटली कुठे मिळाली?"

"काल संध्याकाळी पंचनाम्याला गेलो तेव्हा फ्रिजच्या दारात. बूच घट्ट लावलेलं. बेसिनवर शोधत होतो आम्ही. शेवटी हवालदाराने पाणी प्यायला फ्रिज उघडला तेव्हा सापडली." केण्यांनी कपाळ चोळलं. "आईने उचलून ठेवली असेल."

त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. रुग्णालयात काढलेला. मर्सीने तो बघितला आणि तोंडावर हात दाबला.

कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी काळपट लाल, जागोजाग पांढरे पापुद्रे. पण कडा सरळ होत्या. जबड्याच्या रेषेवर जळणं अचानक थांबत होतं. ओठांभोवती आणि नाकपुड्यांच्या कडेला पातळ पट्टी शाबूत. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक लाल ओघळ निघून सरळ कानाकडे आणि तिथून केसांत गेला होता. मान स्वच्छ होती. छातीवर धरलेले हातही स्वच्छ.

"खूप वाईट झालं," एवढंच ती म्हणाली.

* * *

ठाण्याच्या डोळ्यांच्या रुग्णालयात तिला आत कुणी सोडणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी ती गेली. व्हरांड्यातल्या बाकावर तुळसाबाई बसल्या होत्या, नऊवारीचा पदर तोंडाशी धरून.

"तू कनाला आली आता?" त्या उठल्याच. "माजे पोरीचा डोला जालला तू! तुजे बाटलीनी जालला!"

"काकी, मला मारायचं तर मारा. पण एकच सांगा. सोमवारी तुम्ही घरी आलात तेव्हा कशी होती ती?"

तुळसाबाईंचा हात वर उचललेला तसाच राहिला. मग त्या मटकन बाकावर बसल्या. कुणीतरी विचारावं, याचीच जणू वाट बघत असाव्यात.

"मी मोहन्याला गेलेली, पत्रिका द्याला. सा वाजता आली. ती पलंगाव परलेली, भिंतीकडं तोंड करून. केस ओले. अंगाव बाहेरचा ड्रेस, वरती ओढनी. मना बोलली, आई, लाईट लावू नको."

"बाटली उचलून फ्रिजमध्ये तुम्ही ठेवलीत?"

"मी कशाला हात लावू? पोरीला घेऊन धावली मी. ती तिची बाटली फ्रिजमदी ठेवते, ता बी मना साहेबानी काल दारात बघितली तवा कललं. फ्रिज दर्शनाच आवरते." त्यांनी डोळे पुसले. "कोना सांगू? बोलतच नाय ती. मी इचारला का तोंड फिरवते."

देवेश जिन्यावरून येताना दिसला आणि मर्सी मागच्या दाराने बाहेर पडली.

घरी तिचा नवरा लॅन्सी बॅग भरत बसला होता. "मर्सी, चल, माझ्या भावाकडे जाऊ दोन दिवस. नाहीतर ती नीरजा म्हणते तसं कर. माफी लिहून दे. पोरगी कॉलेजातून रडत आलीय, बाई. आपल्याला इथे राहायचंय."

"माफी लिहून दिली तर मी केलं असं होईल, लॅन्सी."

"आणि नाही दिली तर उद्या लॉकअपमध्ये बसशील!"

संध्याकाळचे सात वाजत होते. नीरजाचा मेसेज येऊन पडला होता: 'माफीचा मजकूर लिहून ठेवलाय. उद्या अकराला हॉस्पिटलमध्ये जाऊ. तू फक्त सही कर. मी आहे ना.'

मर्सी मोरीत गेली, नळ सोडला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि आरशात स्वतःकडे बघत राहिली. लॉकअपचं दार, पोरीचं रडणं, फोटोतला तो चेहरा, सगळं डोक्यात एकदम गरगरत होतं. गालावरून पाणी खाली आलं, हनुवटीला जमलं आणि तिथून मानेवर ठिबकलं.

तिने पुन्हा ओंजळ भरून मारली. पुन्हा पाणी मानेवर आलं. तिसऱ्यांदाही.

ओल्या तोंडानेच ती बाहेर आली आणि फोन उचलला.

"केणे साहेब, दर्शना खोटं बोलतेय. मला उद्या तुम्ही त्या खोलीत हवे आहात. आणि त्याआधी कळव्याला एक फोन करायचाय तुम्हाला."

* * *

गुरुवारी अकराला खोलीत दाटी झाली होती. पलंगावर दर्शना, उजव्या डोळ्यावर पट्टी, बाकीच्या चेहऱ्यावर मलमाचा थर. उशाशी तुळसाबाई. खिडकीपाशी देवेश आणि हितेश. दाराशी केणे, हातात फाईल. नीरजाने मर्सीच्या पाठीवर हात ठेवला आणि कागद पुढे केला. "सही कर आणि दे."

मर्सीने कागद घेतला, घडी घातली आणि मुठीत धरला.

"माफी मागायला आलेय म्हणून तुम्ही मला आत घेतलंत. मागणार आहे मी. पण आधी दहा मिनिटं ऐका. मग देवेश, तुला हवं ते कर."

देवेश पुढे झाला. केण्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"दर्शना, तू जबाबात म्हणालीस की बेसिनसमोर उभी होतीस. उभ्या माणसाच्या तोंडावरचं पाणी खाली जातं. हनुवटीवर, मानेवर. तुझ्या मानेवर एक थेंब नाही. तुझ्या डोळ्यातून निघालेला ओघळ कानाकडे गेलाय, कानावरून केसांत. ते तेव्हाच होतं, जेव्हा माणूस उताणं झोपलेलं असतं."

दर्शनाचा उघडा डोळा छताकडे लागला होता.

"तू हातावर घेऊन लावलास म्हणालीस. मीच तुला तसं शिकवलं होतं. मग बोटांच्या बेचक्यांत साधी लाली का नाही? म्हणजे लावणारे हात तुझे नव्हते. आणि लावणारी व्यक्ती शिकलेली होती. ओठांच्या कडा आणि नाकपुड्यांच्या कडा वाचल्यात, कारण तिथे आधी व्हॅसलीन लावलं होतं. जबड्याची रेष सरळ आहे, कारण ब्रश फिरवलाय. टोनरला कुणी व्हॅसलीन लावत नाही, ब्रशही घेत नाही. चेहऱ्याची साल काढायची असते तेव्हा लावतात. पार्लरमध्ये त्याला पील म्हणतात."

"पण बाटलीत ॲसिड सापडलंय!" देवेश ओरडला.

"सापडलंय. नंतर ओतलेलं." मर्सीने फोन त्याच्यापुढे धरला. "हा शनिवारचा फोटो. तुझ्या बहिणीने पाठवलेला. बाटली अर्धी. आणि पोलिसांकडे आहे ती खांद्यापर्यंत भरलेली. वापरून बाटली कमी होते, देवेश. ही वाढली. कुणीतरी उरलेलं द्रावण तिच्यात रिकामं केलं. एकाच वेळी दोन्ही कामं. पुरावाही गेला आणि दोषही माझ्यावर आला."

हितेश पुटपुटला, "कुणी?"

"आधी बाटलीचं ऐका. तोंडाला आग लागलेली पोरगी बूच घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये नेऊन ठेवत नाही. जबाबात ती म्हणते बेसिनवर टाकली. आईने हात लावला नाही. म्हणजे तिसरं माणूस त्या घरात होतं. त्याने बाटली फ्रिजमधूनच काढली, ओतलं आणि होती तिथेच ठेवली. घाईत चूक केली. बेसिनवर ठेवली असती तर मी आज लॉकअपमध्ये असते."

ती वळली.

"नीरजा, मंगळवारी दुपारी तू मला चहा देताना म्हणालीस, सांग की फ्रिजमध्ये ठेवून ठेवून बिघडला. मी गिऱ्हाइकाला फ्रिजमध्ये ठेव असं कधी सांगत नाही. देवेश बोलला नव्हता. आईलाही माहीत नव्हतं. पोलिसांना बाटली सापडली त्याच संध्याकाळी, तू बोललीस त्यानंतर. तुला कसं कळलं?"

नीरजा एक पाऊल मागे सरली.

"मी... अंदाजाने बोलले गं. सगळेच ठेवतात," नीरजा हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "सोमवारी मी होते कुठे इथे? कळव्याला बहिणीकडे गेलेले. तुला सांगितलेलं ना मी?"

"सांगितलेलं," मर्सी म्हणाली. "म्हणूनच साहेबांना फोन करायला लावला."

केण्यांनी फाईल उघडलीही नाही. "सकाळी बोललो तुमच्या बहिणीशी. त्या म्हणाल्या, गणपतीनंतर नीरजा आलेलीच नाही."

नीरजाचा हात भिंत शोधायला लागला.

"पार्लर सोमवारी बंद," मर्सी पुढे म्हणाली, "म्हणून सोमवारच निवडलात. शटर खाली, आत तुम्ही दोघीच. खुर्ची मागे पाडलेली. मग रिक्षाने तिला घरी सोडलंस. घरात कुणी नव्हतं. पोरगी आत तळमळत पडलेली आणि तू स्वयंपाकघरात बाटली भरत होतीस."

"मला नव्हतं करायचं तसं!" नीरजाचा आवाज फुटला. "हलकंच लावते मी नेहमी. तीच म्हणाली, पंधराच दिवस आहेत, लवकर फरक दिसला पाहिजे. ते कॅनमधलं जास्त कडक होतं, लेबल नव्हतं त्याला. दोन मिनिटं ठेवायचं होतं. फोन आला मला. मी वळून बघते तर पांढरं पडलेलं सगळं. पुसायला गेले तर डोळ्यात गेलं." ती खाली बसली. "तुझं काय झालं असतं, मर्सी? परदेशी कंपनी आहे, तिच्यावर ढकलून सुटली असतीस तू. माझ्यामागे कोण आहे?"

"तीन वर्षं रोज दुपारी एकत्र जेवलो आपण," मर्सी म्हणाली.

देवेश नीरजाकडे नाही, बहिणीकडे बघत होता. "दर्शू? तू खोटं बोललीस? मी या बाईचं दुकान फोडून आलो. तू खोटं का बोललीस?"

दर्शनाचं तोंड हललं की दुखत असावं. ओठ जेमतेम उघडून ती बोलायला लागली.

"शाळेत मी मुलींना शिकवते. गोरं करणाऱ्या क्रीमवर प्रकल्प करून घेतला मी सातवीकडून. भिंतीवर लावलाय तो. खाली माझं नाव आहे." तिला दम लागला. "आणि मीच गेले. मावशी म्हणाल्या, फोटोत दोघांचा रंग जुळत नाही. हितेश हसला. नुसता हसला तो. मला रात्रभर झोप नाही आली. मर्सीताईंकडे विचारलं, त्यांनी नाही सांगितलं. मग शेजारी विचारलं. नीरजाताई म्हणाल्या, कुणाला कळणार नाही. आणि जळल्यावर म्हणाल्या, टोनर म्हण, नाहीतर सगळ्या गावाला कळेल तू काय करायला गेलेलीस. मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. डोळ्यापेक्षा पण."

हितेशने खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मर्सी पलंगाजवळ गेली. तिला रागवायचं होतं. दोन दिवस तिने लॉकअपची दारं डोळ्यांसमोर पाहिली होती, स्वतःच्या पोरीचं रडणं ऐकलं होतं. पण त्या मलमाखालच्या चेहऱ्याकडे बघून तिला आठवलं ते काउंटरवर टेकलेलं कोपर आणि आपण हसण्यावारी नेलेला प्रश्न. रंग बदलायचाय कशाला तुला? एवढं म्हणून ती बाटली बांधायला लागली होती. मावशी काय बोलली, हे तेव्हा विचारलंच नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले डोळ्याचं?" तिने तुळसाबाईंना विचारलं.

"अर्धा दिसंल बोलतात. धुक्यातून बघावा तसा. कदाचित."

केण्यांनी हवालदाराला खूण केली. नीरजा उठली, साडी सारखी केली आणि दाराशी क्षणभर थांबली. मर्सीने मान वर केली नाही. पावलं जिन्यावरून खाली गेली.

"जबाब नव्याने घ्यावा लागेल," केणे खुर्ची ओढत म्हणाले. "आजच घेतला पाहिजे असं नाही. बरं वाटलं की घेऊ."

"आजच घ्या," दर्शना म्हणाली.

तुळसाबाई पुढे झुकल्या. "साहेब, एक करा. कशाला गेलेली ता नका लिवू. पार्लरात गेली, एवराच लिवा. पोरीचं पुरं आयुष्य परलंय."

केण्यांनी पेन हातात तसंच धरलं. नियम त्यांना माहीत होता, पण त्या आईकडे बघून त्यांना लगेच नाही म्हणवेना. देवेशही हळूच म्हणाला, "हो साहेब. तेवढं राहू दे."

"नाही," दर्शना म्हणाली. तिने उशीवर कोपर रोवलं. मर्सीने पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवलं. "सगळं लिहा. सातवीच्या मुली वाचतील कधीतरी, वाचू देत. मी गोरी व्हायला गेलेले. असंच लिहा, माझ्याच शब्दांत."

तुळसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. 

केण्यांनी कोरा कागद काढला. दर्शनाने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं आणि मग सोमवारची दुपार पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.